तिबेटी मैत्रिणींसोबत बचत गट काढतोय. अध्यक्ष कोणाला करावं? (अर्जुनी मोरगाव)

शिलाईवाली_नवेगाव
12 जून

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

नवेगावबांधजवळ माझं शिलाईचं दुकान आहे. आमच्या तालुक्यात गोठणगावला, इटियाडोह धरणाच्या बाजूला, तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिचं नाव नॉर्ग्येलिंग, आणि महाराष्ट्रातली ही एवढी एकच. आमच्याकडे सगळे तिला नुसतं 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. धानाच्या बांध्या, प्रार्थनेच्या पताका, आणि हिवाळ्यात अर्ध्या घरांना कुलूप. कारण बाया-माणसं स्वेटर विकायला नागपूर, पुणे, कुठे कुठे गेलेली असतात.

तिथली एक बाई माझी मैत्रीण आहे. तिला आम्ही सगळे 'आचा-ला'च म्हणतो, त्यांच्या भाषेत ताई. जन्म इथलाच, 1979 चा. तिची आई त्याआधी हिमाचलात रस्त्याच्या कामावर दगड फोडायची, पाठीला लेकरू बांधून. आचा-ला पहिल्यांदा दुकानात आली ती अस्तर लावून घ्यायला. मी शिवलेला ब्लाऊज हातात घेतला, उलटा केला आणि आतली शिलाई बघत बसली. म्हणाली, "सुलट्या बाजूवर कोणीपण भुलतं." तेव्हापासूनची मैत्री.

स्वेटरचा धंदा बाहेरून दिसतो तसा नसतो. दसऱ्याच्या आगेमागे या बाया लुधियानाला जातात. तिथला ठोक व्यापारी लाखाचा माल उधार देतो. कागद काय, तर त्याच्या वहीतलं एक पान आणि वर्षानुवर्षांची ओळख. तीन महिने फुटपाथवर नाहीतर मैदानातल्या गाळ्यात उभं राहायचं आणि लोसारच्या आत, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाच्या आत, व्यापाऱ्याचा पैसा चुकता करायचा. हे चुकवलं तर पुढच्या वर्षी लुधियानात कोणी दारात उभं करत नाही.

2016 च्या हंगामात मी तिच्याबरोबर नागपूरला बारा दिवस होते, तिची लेक आजारी होती म्हणून. नेमकी 8 नोव्हेंबरला नोटबंदी आली. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक यायचं, स्वेटर अंगाला लावून बघायचं आणि पाचशेची नोट दाखवून परत जायचं. चौथ्या दिवशी आचा-लाने एक वही काढली आणि अनोळखी माणसांना उधार द्यायला सुरुवात केली. नाव, फोन, रंग, रक्कम. नाव तिबेटी अक्षरात, आकडे आपले. मी म्हटलं, अगं बुडशील. ती म्हणाली, मलापण कोणीतरी असंच दिलं आहे ना. जानेवारीपर्यंत तिघं सोडून सगळ्यांनी पैसे आणून दिले. ती वही मी पाहिली आहे.

पण आता ते दिवस राहिले नाहीत. थंडी उशिरा येते आणि लवकर जाते. पोरं मोबाईलवर स्वेटर मागवतात. तिचे गुडघे गेले. करोनाच्या वर्षी तर माल तसाच घरी पडून होता. कॅम्पातल्या पाच जणींना आता घरी राहून वर्षभराचं काम हवं आहे. आम्ही बसून ठरवलं की शाळांचे स्वेटर विणायचे. दोन हातमशीन त्यांच्याकडे आहेत, विणकाम त्यांच्या बोटांत आहे. कटाई, बटनपट्टी, शिलाई आमच्याकडे. अकरा जणी झालो: त्या पाच, आम्ही सहा. आमच्यात दोन ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, एक गोंड, बाकी कुणबी-तेली. महिन्याला दोनशे रुपये बचत.

अडलं ते बँकेत. शाखेत सांगितलं, "हे परदेशी लोक. त्यांना सदस्य ठेवा, पण अध्यक्ष-सचिव तुमच्यातल्या करा, आजच खातं काढून देतो." घरचेही म्हणतात, काहून डोकं लावतेस, तूच हो अध्यक्ष. आचा-लासुद्धा म्हणते, तूच हो.

मला ते व्हायचं नाही. कारण सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी तिला बाजारात छोटा गाळा घ्यायचा होता. स्वतःच्या नावावर होत नाही म्हणून एका ओळखीच्या माणसाच्या नावावर पगडी भरली, साठ हजार. माणूस चांगला होता, पण वारला. मुलांनी कुलूप बदललं. आचा-ला तीन वेळा जाऊन आली आणि मग गेलीच नाही. कागद कुठे होता तिच्याकडे? मी उद्या मेले तर माझ्या सुना काय करतील, मला काय ठाऊक.

तर विचारायचं ते इतकंच: कायद्याने ती अध्यक्ष किंवा सचिव होऊ शकते की नाही? आणि अशा मिसळीच्या गटाचा कोणाला अनुभव आहे का?

---

निवृत्त_शाखाधिकारी_वर्धा
12 जून

ताई, तीस वर्षं ग्रामीण शाखांमध्ये काढली, म्हणून अधिकाराने सांगतो. शाखेत तुम्हाला जे सांगितलं त्याला आधार नाही.

बचत खातं उघडायला नागरिक असावं लागत नाही. ओळख आणि पत्ता पटवावा लागतो. तुमच्या मैत्रिणीकडे आधार असणारच, कारण आधार हे रहिवासी असल्यावर मिळतं, त्याचा नागरिकत्वाशी संबंध नाही. सोबत त्यांचं नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला ते लोक आरसी म्हणतात, त्याची चालू मुदतीची प्रत जोडा. मुदत संपलेली आरसी घेऊन जाऊ नका. तिथेच अडवतील, आणि त्यात शाखेचं चुकणार नाही.

दुसरं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत बचत गटांना स्पष्ट सवलत आहे. गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची तपासणी करायची गरज नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. सगळ्यांची तपासणी पुढे गटाला कर्ज जोडताना करता येते. आता ही सवलत दुधारी आहे, हे नीट समजून घ्या. शाखेतले म्हणतात तसं केलं तर खातं खरोखर दहा मिनिटांत निघेल, कारण तिबेटी बायांचे कागद बघायचेच नाहीत. पण सहा महिन्यांनी कर्ज मागायला जाल तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहील आणि तोवर तुमची बचत आत अडकलेली असेल. म्हणून तिला आत्ताच पदाधिकारी करा. जे भांडण व्हायचं ते खात्यात शून्य रुपये असताना होऊ द्या.

गटाची कुठे नोंदणी लागत नाही. 1992 साली नाबार्डने गट-बँक जोडणी सुरू केली, तिच्यात बिननोंदणीच्या गटालाही खातं मिळतं. ठराव लिहा, अकरा सह्या घ्या, पदाधिकारी तीन. खाते चालवायला कोणत्याही दोघींची सही पुरेल असं ठेवा आणि त्या दोघींपैकी एक तिबेटी असलीच पाहिजे, असं ठरावातच लिहा. बँकेला ठरावाप्रमाणे चालावं लागतं.

नकार आला तर तोंडी घेऊ नका. लेखी मागा. निम्म्या वेळा लेखी मागितलं की खातं निघतं, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. नाहीच निघालं तर बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवस वाट, आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज. त्याला पैसे पडत नाहीत.

एक बारीक गोष्ट. तिबेटी माणसांना आपल्यासारखं आडनाव नसतं. पॅनच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. एकच नाव असेल तर ते आडनावाच्याच रकान्यात भरायचं. दोन शब्दांचं नाव असेल तर आरसी, आधार आणि पॅन तिन्हींवर ते एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने आहे का ते आज रात्रीच बसून ताडून बघा. कागद असून अडलेली बहुतेक माणसं मी इथेच अडलेली पाहिली.

---

कॅम्प_चारची_नात
13 जून

शिलाईवाली ताई, तुमचं वाचून रात्री आईशी तासभर बोलले. आम्ही उल्हासनगरचे सिंधी. माझं सगळं शिक्षण मराठीत झालं, म्हणून इथे लिहिते.

आजी शिकारपूरची. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबई आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी तिथे कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. आजीला मात्र त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. तिला आठवायची बरॅक. एका लांब खोलीत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी कुटुंबं, आणि पडद्यापलीकडचं लेकरू रडलं की अलीकडच्या बाईला पान्हा फुटायचा.

फुकटचा शिधा बंद झाला तेव्हा ती पापड लाटायला लागली. लोकांना वाटतं सिंधी बायांनी पापड केले आणि घरं वर आली. वर आली हे खरं, पण कशी, ते आजीने मला सांगितलं होतं. व्यापारी पीठ द्यायचा ते मळलेलं, ओलं, तोलून. पापड घ्यायचा तो वाळलेला, तोलून. पाणी उडून वजन घटायचंच, पण जितकं कमी भरलं तितकं आजीच्या मजुरीतून कापायचा. दोन वर्षं तिला वाटत होतं की आपल्याच हाताने पीठ सांडतं. एके दिवशी शेजारणीने एक ओली लोई आणि तिचेच वाळलेले पापड दुकानातल्या काट्यावर समोरासमोर ठेवून दाखवले. त्यानंतर तिघींनी मिळून उडदाची डाळ स्वतः आणली, मिरी आणि पापडखार स्वतः आणला आणि माल दादरपर्यंत पोरांच्या हातून पाठवला.

पुढे दुकान झालं. दुकानावर नाव आजोबांचं. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत लाटणं तिच्या हातात होतं, पण आजोबा गेल्यावर औषधाला पैसे ती काकांकडे मागायची. माझी आई हे सांगताना अजून रडते.

म्हणून गळ घालते, अध्यक्ष तिलाच करा. आणि स्वेटरचा भाव ठरवताना नगावर मजुरी ठरवणार असाल तर लोकर कोण तोलणार, कधी तोलणार, उरलेली लोकर कोणाची, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

---

धान_उत्पादक_लाखांदूर
13 जून

कोणाचं मन दुखवायचं नाही, पण मनातलं बोलतो. आमच्या गावात ढिवर, गोंड बाया आहेत. तलाव ठेकेदाराकडे गेले, त्यांच्या हाताला काम नाही. त्यांना बँक कर्ज देत नाही ते आधार-पॅन सगळं असून. तिबेट्यांना हिमाचलातल्या धर्मशाळेहून, त्यांच्या निर्वासित प्रशासनाकडून मदत येते, परदेशातून पैसा येतो, घरं पक्की आहेत. मग आपल्या बायांची ताकद त्यांच्यासाठी का लावायची? आधी घरचं.

---

शिलाईवाली_नवेगाव
13 जून

दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही. ढिवर बायांचं दुःख मी रोज बघते, आमच्या गटात दोघी आहेत. पण त्या दोघींनाच विचारलं मी आज. एक म्हणाली, रोवणीला आम्ही कॅम्पातल्या बांध्यांत जातो, पैसा त्याच संध्याकाळी हातावर मिळतो, आमच्या गावच्या पाटलाकडे पोळ्यापर्यंत फिरावं लागतं. ती स्वतःहून या गटात आली आहे, मी आणली नाही.

आणि हातमशीन कोणाची? तिबेटी बायांची. लुधियानाच्या व्यापाऱ्याची ओळख कोणाची? त्यांचीच. त्या नसतील तर आम्ही सहा जणी नुसती बटनं लावत बसणार. मी त्यांच्यावर उपकार करायला निघालेली नाही, हे खरंच मनापासून सांगते.

परदेशातून पैसा येतो तो ज्यांची पोरं बाहेर गेली त्यांच्या घरी. आचा-लाची लेक बेंगळुरूला नर्सिंग शिकते आहे, तिची फी आई भरते. स्वेटरच्या हंगामाला तिबेटी प्रशासनाकडून कर्ज मिळतं, पण ते कर्ज आहे, व्याजासकट फेडतात.

काका, आजच तिचे कागद ताडून बघितले. आरसीवर नाव एक, आधारवर त्याच नावात एक अक्षर जास्त. तुम्ही म्हणालात तसंच.

---

मुलचेरा_कडची
14 जून

मी गडचिरोलीची, बंगाली घरातली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना सरकारने इथे जमिनी दिल्या, त्यातलं आमचं घर. आम्ही नागरिक आहोत, मतदान करतो. पण आमची जात, नमःशूद्र, महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नाही, म्हणून बंगालमध्ये ज्या दाखल्यावर नातेवाईक शिकले तो दाखला आम्हाला मिळत नाही. जमिनीचा पट्टा आजोबांच्या नावावर होता, मग बाबांच्या, आता भावाच्या. आई पहाटे तीनला उठून वाळू तापवून मुडी भाजायची, तुम्ही मुरमुरे म्हणता ते, आणि डोक्यावर पोतं घेऊन बाजार करायची. आमची पुस्तकं मुडीतून आली.

मला एकच सांगायचं आहे. आई एका मिसळीच्या गटात होती. रजिस्टर मराठीत. आईला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. दोन वर्षांनी कळलं की तिच्या नावावर पाच हजारांचं अंतर्गत कर्ज दाखवलं आहे आणि तिने कधी घेतलंच नव्हतं. वाईट हेतूने झालं की चुकून, ते आजपर्यंत कळलं नाही. गट फुटला, मैत्री तुटली.

रजिस्टर मराठीतच ठेवा, बँकेला तेच लागतं. पण दर बैठकीत सगळा हिशेब मोठ्याने वाचा, आणि प्रत्येकीजवळ तिची छोटी वही असू द्या, तिला येईल त्या अक्षरात. तुमच्या मैत्रिणीला वही ठेवता येते हे तर तुम्हीच लिहिलं आहे.

---

दिल्लीतली_नागपूरकरीण
16 जून

मी दिल्लीत बारा वर्षं आहे. त्यातली सहा निर्वासित बायांबरोबर काम करण्यात गेली. अफगाण बाया भोगल-लाजपतनगर भागातल्या, आणि म्यानमारच्या चिन जमातीच्या बाया विकासपुरीकडच्या. त्यांची स्थिती तुमच्या मैत्रिणीपेक्षा फार कठीण आहे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तिबेटी लोकांना सरकारने स्वतः नोंदवून घेतलं, वसाहती दिल्या. अफगाण आणि चिन बायांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड असतं, आणि त्या कार्डावर आधार मिळत नाही, खातं मिळत नाही. कमावलेला पैसा गादीखाली नाहीतर नवऱ्याच्या मित्राच्या खात्यात. तुमच्या मैत्रिणीकडे कागद आहे. तो वापरून घ्या.

ऑक्टोबर 2014 मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण काढलं. त्यात लिहिलं आहे की तिबेटी निर्वासितांना कोणताही धंदा करू द्यावा आणि त्यासाठीचे परवाने आरसीच्या आधारे द्यावेत. मनरेगा आणि रेशनचाही उल्लेख आहे. अंमलबजावणी राज्यांनी करायची, म्हणून तालुक्याच्या कचेरीत कोणाला माहीत नसतं. त्याची प्रत छापून पिशवीत ठेवा. कागदासमोर कागद ठेवला की आवाज खाली येतात.

आता नाजूक गोष्ट. तुम्ही तिचा जन्म 1979 चा, इथलाच, असं लिहिलंत. नागरिकत्व कायद्याप्रमाणे 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 आणि 2016 मध्ये तिबेटी लोकांच्या बाबतीत हे मान्य केलं. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती कदाचित तुमच्या-माझ्याइतकीच भारतीय आहे. मुद्रासारख्या योजनेत 'भारतीय नागरिक' अशी अट असते, तिथे हे कामाला येईल. पण 2017 मध्ये पासपोर्ट द्यायला तयारी दाखवताना सरकारने अटी घातल्या: आरसी परत करा, वसाहतीत राहू नका, तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडा. घर, शेजार, देऊळ सगळं त्या एका सहीवर. माझ्या ओळखीच्या तीन बायांनी हा विचार वर्षानुवर्षं केला आणि सही केली नाही. बाहेरून आपण 'घे की नागरिकत्व' म्हणणं सोपं आहे. तिच्यावर दबाव आणू नका. गटाच्या खात्याला त्याची गरजही नाही.

धंद्याबद्दल: आम्ही एका वर्षी चौदा बायांना शिलाई मशीन दिल्या, सहा महिने शिकवलं, प्रमाणपत्रं दिली, फोटो काढले. वर्षभराने मी घरोघरी गेले तर तीन मशीन चालू होत्या. बाकी विकल्या होत्या, भाड्यासाठी. चूक बायांची नव्हती. शिवलेलं घेणार कोण, हे आम्ही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी आधी ऑर्डर आणली. कामाची वेळ अकरा ते तीन ठेवली, कारण मुलं तेव्हाच शाळेत असतात, आणि पैसे काम संपल्यादिवशी बाईच्याच हातात दिले. एक अफगाण बाई, जी नवऱ्याला विचारल्याशिवाय पाणीही मागत नसे, तिने चौथ्या महिन्यात मला सांगितलं, "माझ्या मांतूचा भाव तू कमी लावला आहेस." मांतू म्हणजे त्यांचा मोमोसारखा पदार्थ, तिची ऑर्डर त्याचीच होती. त्या दिवशी मी ऑफिसात येऊन सगळ्यांना सांगत सुटले होते.

तुम्ही शाळेची ऑर्डर घेतली का? नसेल तर खात्याआधी ती घ्या.

---

निवृत्त_शाखाधिकारी_वर्धा
16 जून

दिल्लीच्या ताईंनी सांगितलेलं धोरण मलाही माहीत नव्हतं. सेवेत असताना माहीत असतं तर बरं झालं असतं. शाळेचं पत्र मिळालं तर शाखेत जाताना तेही न्या. बँकेला धंदा दिसला की कागद लवकर दिसतात.

---

शिलाईवाली_नवेगाव
3 ऑगस्ट

मंडळी, रोवणीत अडकले होते, उशिरा लिहिते आहे.

आधी शाळा. दोन ठिकाणी मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि 'बघू' म्हणाले. तिसऱ्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आचा-लाने नेहमीसारखं त्यांच्या टेबलावरचं जुनं स्वेटर उचललं, उलटं केलं आणि काखेतले सुटलेले टाके दाखवले. बाईंनी 140 नगांची तोंडी ऑर्डर दिली, पत्र चार दिवसांनी दिलं. बाटली-हिरवा रंग, गळ्याला दोन पिवळ्या रेघा, दिवाळीच्या आत द्यायचे.

आधारवरचं जास्तीचं अक्षर दुरुस्त व्हायला जवळपास महिना गेला. मग ठराव, आरसी, आधार, पॅन, धोरणाची छापील प्रत आणि शाळेचं पत्र घेऊन आम्ही पाच जणी शाखेत गेलो. पुन्हा तेच: "तुम्ही अध्यक्ष व्हा ना." मी म्हटलं, साहेब, नाही म्हणत असाल तर ठरावाखाली तेवढं लिहून द्या. ते उठून आत गेले, कोणाला तरी फोन केला, वीस मिनिटं आम्ही बाकावर. आमच्यातली ढिवर मावशी आपली बटव्यातली सुपारी कातरत बसली होती, तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. माझे मात्र हात गार पडले होते.

खातं निघालं. अध्यक्ष आचा-ला. सचिव आमच्यातली गोंड मुलगी, बारावी झालेली. मी कोषाध्यक्ष. सहीच्या वेळी आचा-लाने तिबेटी अक्षरात सही केली. काउंटरवरच्या पोराने विचारलं, मराठी किंवा इंग्रजीत नाही का येत? ती म्हणाली, येते, पण ती माझी सही नाही. त्याने तीन वेळा करून घेतली. तिन्ही एकसारख्या.

पासबुक तिने घरी नेलं नाही, माझ्या दुकानात ठेवायला दिलं. मी परत तिच्या हातात दिलं. आता ते तिच्या देव्हाऱ्यात आहे, दलाई लामांच्या फोटोखाली.

कॅम्प चारच्या ताई, तुमच्या आजीचा काटा आम्ही विसरलो नाही. लोकर आली की सगळ्यांसमोर तोलतो, विणलेलं परत तोलतो, उरलेली गुंडी गटाच्या पेटीत. मुलचेराच्या ताई, हिशेब मोठ्याने वाचतो. पहिल्या बैठकीत लाज वाटली, दुसऱ्या बैठकीत तेलीण वहिनींनीच वीस रुपयांची चूक पकडली.

लाखांदूरच्या दादा, तुमच्या गावच्या ढिवर बायांना विणकाम शिकायचं असेल तर बुधवारी पाठवा. आचा-ला शिकवायला तयार आहे. हिंदीत बोलते, पण हात बघितले तरी कळतं.

आता नवीन अडचण. नमुन्याचं स्वेटर कॅशमिलॉनचं, म्हणजे ॲक्रेलिक लोकरीचं आहे. मी ते धुवून इस्त्री केली तर बाह्या दोन बोटं लांबल्या, खालची पट्टीही सैल पडली. आचा-ला काही बोलली नाही, खिडकीशी बसून दोन्ही बाह्या उसवल्या. तिचं म्हणणं, टाके कमी करून पट्टी घट्ट विणायची. माझं म्हणणं, इस्त्री लावूच नये, नुसती वाफ द्यावी. 140 नग आहेत, चुकून चालायचं नाही. इथे कोणी शाळेचे स्वेटर विणले असतील तर सांगा, पट्टीला टाके किती कमी करता?